राजीनामा आजच टाका, बाकीचं नंतर बघू

अजून नोकरीच करताय? कमाल आहे तुमची. म्हणजे एक तारखेला मोबाईल टुंग वाजतो, पगार जमा झाल्याचा मेसेज येतो आणि तुम्हाला त्याची काहीच लाज वाटत नाही? मी स्वतः २१ वर्षं नोकरीत आहे, त्यामुळे धंद्यावर सल्ले द्यायला माझ्याकडे भरपूर वेळ असतो, तेव्हा नीट ऐका.

आधी मंगल कार्यालयातला तो रविवारचा सेमिनार गाठा. तिकीट ९९ रुपये, चहा-बिस्कीट त्यातच. मी जाऊन आलोय. कॉलरला माईक लावलेले सर विचारतात, "नोकरी कोण कोण करतं, हात वर करा", आपण भाबडेपणाने हात वर करतो, की सर ओरडतात "हे सगळे गुलाम!" आणि टाळ्याही आपणच वाजवायच्या. मग तो वडापाववाला येतो, इंजिनिअरपेक्षा जास्त कमावणारा. त्याची गाडी नक्की कुठल्या चौकात लागते ते विचारायचं नाही. पहाटे उठून बटाटे कोण उकडतं हेही नाही. मग इन्फोसिस. १९८१, पुणे, १० हजार भांडवल! ते दहा हजार सुधा मूर्तींनी साठवलेले होते आणि त्या टेल्कोत नोकरी करायच्या, एवढा भाग आला की सरांना नेमकी तहान लागते.

शेवटी २९,९९९ चा कोर्स. हप्त्यावर मिळतो बरं का. बाहेर टेबलापाशी बसलेली मुलगी हळूच म्हणते, "तीन महिन्यांची सॅलरी स्लिप असेल ना सर, तर लगेच अप्रूव्ह होतं."

घरच्यांचं मनावर घेऊ नका. उलट काकांचं ऐका, "मराठी माणूस धंद्यात मागे का" हा फॉरवर्ड रोज सकाळी तेच टाकतात. काका १ नोव्हेंबर २००५ च्या बरेच आधी सरकारी नोकरीत चिकटले, जुनी पेन्शन घेतात, त्यांना रिस्क म्हणजे काय ते बरोब्बर कळतं.

भांडवलाचं टेन्शन तर अजिबात नको. २०१५ पासून मुद्रा लोन आहे, तारणसुद्धा लागत नाही. माझा मावसभाऊ चहाच्या दुकानासाठी गेला होता. साहेबांनी फाईल चाळली, प्रोजेक्ट रिपोर्टचं पान न वाचताच उलटलं आणि विचारलं, "मिसेस काय करतात?" म्हटलं शिक्षिका आहेत, अनुदानित शाळेत. साहेबांचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू, चहा मागवला त्यांनी.

तर दुकान झालं. फ्रँचायझी, पिवळा बोर्ड, 'संचालक' म्हणून व्हिजिटिंग कार्ड, सगळं. ग्लास विसळायला एक पोऱ्या ठेवला होता, गुणी होता, रिकाम्या वेळात मोबाईलवर सरांचेच रील्स बघायचा. सहा महिन्यांत त्यानं काम सोडलं आणि समोरच्याच फुटपाथवर स्वतःची टपरी टाकली, कटिंग आपल्यापेक्षा दोन रुपयांनी स्वस्त. आता संचालक स्वतः ग्लास विसळतात आणि काउंटरवर कागद चिकटवलाय, 'कामाला मुलगा पाहिजे, पगार योग्यतेनुसार'.

वहिनींचा पगार कधी चार दिवस मागेपुढे होतो, पण होतो. दुकानाचं भाडं त्यातूनच जातं.