अदृश्य निन्जा आणि ताटकळलेले चौघे

‘खरा निन्जा असा बनवा’ या मथळ्याचा एक संदेश डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून, पात्रे रंगवून खेळायचा खेळ खेळणाऱ्यांच्या गटांतून सध्या फिरतो आहे. एरवी मी त्याकडे दुर्लक्षच केले असते. परंतु गेल्या रविवारी माझ्या भाच्याने त्यातले पाचही मुद्दे जसेच्या तसे उचलून आपले पात्र उभे केले आणि डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मीच होतो, त्यामुळे लिहिणे भाग आहे.

सर्वांत घातक मुद्दा असा, की निन्जाला पहिल्या लेव्हलपासून, म्हणजे पात्राच्या प्रगतीच्या पहिल्याच पायरीपासून, हवे तेव्हा अदृश्य होता यावे आणि वार केल्यावरही तो दिसू नये. आम्ही २०१४ चे नियमपुस्तक वापरतो आणि हे लिहिणाऱ्याने ते उघडून पाहिले असेल असे वाटत नाही. त्यात साधी अदृश्यता जादूगाराला तिसऱ्या लेव्हलला मिळते आणि वार करताच संपते. वार करूनही टिकणारी अदृश्यता सातव्या लेव्हलला मिळते, तीही एकाग्रता राखून फार तर एक मिनिट. सावलीच्या पंथातला मंक (लढवय्या संन्यासी), म्हणजे निन्जाच्या सर्वांत जवळचा पर्याय, अकराव्या लेव्हलपर्यंत थांबतो आणि लख्ख उजेडात येताच पुन्हा दिसू लागतो. हे सगळे पहिल्याच लेव्हलला फुकट देऊन टाकले की काय होते, ते मी पाहिले. भाच्याचा ‘रोग’ (खेळातला चोरपावलांचा पात्रप्रकार) गॉब्लिन नावाच्या राक्षसांच्या गुहेत एकटाच शिरला. शत्रूला तो दिसतच नसल्यामुळे प्रत्येक वाराला दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा आणि वर स्नीक अटॅकचे, म्हणजे बेसावध शत्रूवरच्या वाराचे, जादा फासे वेगळे. पाऊण तास हेच चालले होते. उरलेले चौघे नुसते बसून होते आणि क्लेरिक, म्हणजे पुजाऱ्याचे पात्र, खेळणारी मुलगी सहा बाजूंच्या फाशांचा मनोरा रचत होती.

शुरिकेनच्या, म्हणजे निन्जाच्या फेकायच्या पात्याच्या, एका फेकीत शत्रू गारद व्हावा, हा दुसरा मुद्दा. डीएमसाठीच्या अधिकृत पुस्तकात शुरिकेन म्हणजे डार्ट असे स्पष्ट दिले आहे, म्हणजे इजेसाठी चार बाजूंचा एक फासा. त्यावर अधिक शाई खर्च करण्याची गरज नाही.

निन्जा म्हणजे सामुराईंचे हाडवैरी असलेले शेतकरी, हा तिसरा मुद्दाही तसाच चुकीचा. निन्जा म्हणून गाजलेला हात्तोरी हान्झो हा स्वतः सामुराई होता, पुढे जपानचा शोगुन झालेल्या तोकुगावा इएयासूच्या पदरी होता आणि १५८२ मध्ये इएयासू इगा प्रांतातून निसटला तेव्हा त्याच्या मदतीला होता.

काळा पोशाख अनिवार्य असल्याचा मुद्दा मात्र पात्राची रचनाच बिघडवतो. १६८१ च्या ‘शोनिन्की’ या हेरविद्येच्या ग्रंथात सात सोंगे दिली आहेत : बासरी वाजवत भटकणारा कोमुसो साधू, बौद्ध भिक्षू, डोंगरातला तपस्वी यामाबुशी, व्यापारी, रस्त्यावर खेळ करणारा, सारुगाकू या जुन्या जपानी नाट्यप्रकाराचा नट आणि सातवा, चारचौघांतला साधा माणूस. जो व्यापारी म्हणून किल्ल्याच्या दारातून उजळ माथ्याने आत जातो, त्याला अदृश्य होण्याची गरजच काय? बहिर्जी नाईकांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मुलाला हे सांगावे लागावे, याचा मला अधिक राग आला.

‘नियमांत निन्जा कधी नव्हताच’ हे शेवटचे विधान अर्धे खरे आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. याच खेळाच्या १९८५ च्या ‘ओरिएंटल ॲडव्हेंचर्स’ या पुस्तकात तो होता; आमच्या पुस्तकात मात्र सावलीच्या मंकला सोंग घेता येत नाही आणि असॅसिन (मारेकरी) या प्रकारच्या ‘रोग’ला बनावट ओळख उभी करण्याची हातोटी नवव्या लेव्हलला मिळते, तीही प्रत्येक ओळखीमागे सात दिवस आणि पंचवीस सुवर्णमुद्रा घालवून. तोवर बहुतेक गट मोडलेले असतात.

म्हणून मी ‘रोग’चाच एक सबक्लास, म्हणजे उपप्रकार, मांडला आहे. तिसऱ्या लेव्हलला सातांपैकी दोन सोंगे निवडायची. निवडलेल्या सोंगाची तयारी एका रात्रीत व्हावी आणि त्या सोंगात असताना फसवणुकीच्या फाशाला दुप्पट प्रावीण्य मिळावे. नवव्या लेव्हलला आणखी दोन सोंगे, शिवाय एखादे सोंग आपल्या एका सोबत्यालाही चढवण्याची मुभा, म्हणजे क्लेरिकही किल्ल्यात येईल.

भाच्याने हा आराखडा वाचून एकच प्रश्न विचारला : धूरगोळे मिळतील का? मिळतील, पण दोनच, आणि तेही पैसे मोजून.