'डमी आर्टिकलशिप घ्या' असं सांगणाऱ्यांना उत्तर

माझी मावसबहीण सीए इंटरचे, म्हणजे सीएच्या मधल्या परीक्षेचे, दोन्ही ग्रुप पास झाली. अजून अभिनंदनाचे फोन चालू होते तेवढ्यात मावशीच्या व्हॉट्सॲपवर 'आर्टिकलशिपचं कटू सत्य' नावाचा लांबलचक मेसेज येऊन पडला. आर्टिकलशिप म्हणजे सीए होण्यासाठी एखाद्या सीएच्या फर्ममध्ये करावं लागणारं प्रशिक्षण. मावशीने तो मला पाठवला आणि पाठोपाठ फोन केला, "अगं, तू आत्ताच करून मोकळी झालीस, तूच सांग. यात म्हटलंय तसं हिचं नावापुरतं करून टाकलं तर?" त्याआधी हाच मेसेज माझ्या क्लासच्या ग्रुपवरही फिरून गेला होता. तिथे मी सोडून दिलं. आता घरात आलाय, तर सोडणार नाही.

मेसेजमध्ये काय आहे ते आधी सांगते. आर्टिकल, म्हणजे हे प्रशिक्षण घेणारा विद्यार्थी, हा फुकटचा ऑफिसबॉय, झेरॉक्स काढायच्या आणि व्हाउचरवर (खर्चाच्या बिला-पावत्यांवर) टिका, म्हणजे बरोबरच्या खुणा, मारायच्या, शिकायला काही मिळत नाही. स्टायपेंड, म्हणजे महिन्याचं विद्यावेतन, द्यायचा की नाही ही सरांची, म्हणजे फर्मच्या सीएची, मर्जी. रोज बारा तास ऑफिसात जातात, त्यामुळे फायनलचा, म्हणजे सीएच्या शेवटच्या परीक्षेचा, अभ्यास होऊच शकत नाही. ओळखीशिवाय चांगली फर्म मिळत नाही. आणि म्हणून शहाण्या मुलांनी 'डमी' घ्यावी, म्हणजे एखाद्या फर्ममध्ये नाव नोंदवायचं, खात्यात आलेला स्टायपेंड रोखीने परत करायचा आणि दोन वर्षं घरी बसून अभ्यास करायचा. कोणी तपासत नाही म्हणे.

सगळ्यात घातक मुद्दा शेवटचा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

डमीसाठी कारण दिलंय अभ्यासाचं. हे लिहिणाऱ्याला संस्थेची, म्हणजे सीएंचं नियमन करणाऱ्या आयसीएआयची, नवी योजना माहीत नाही, किंवा माहीत असून सांगायची नाही. १ जुलै २०२३ पासून आर्टिकलशिप तीन वर्षांऐवजी दोन वर्षांची झाली आहे. ती संपल्यावर सहा महिने झाल्याशिवाय फायनलला बसताच येत नाही. हे सहा महिने अभ्यासासाठीच ठेवलेले आहेत. शिवाय फायनलचे पेपर आठावरून सहावर आले. म्हणजे ज्या अडचणीवर हा डमीचा तोडगा सुचवला आहे, ती अडचण संस्थेने बरीचशी आधीच कमी केली आहे.

आता पैसे परत करण्याचं बघा. चार्टर्ड अकाउंटंट्स रेग्युलेशन्स, १९८८ मधला नियम ४८ स्टायपेंडचा आहे. तो दर महिन्याला रेखांकित चेकने द्यायचा किंवा विद्यार्थ्याच्या स्वतःच्या बँक खात्यात भरायचा, असं त्यात लिहिलेलं आहे. पैसे खरंच दिले याचा पुरावा राहावा म्हणून हा नियम. त्याच्याच आधीचा नियम ४७ सांगतो की आर्टिकलकडून कुठलंही प्रीमियम, कर्ज किंवा डिपॉझिट घ्यायचं नाही. खात्यात चार हजार जमा दाखवून तेच रोखीने परत घेणं म्हणजे या दोन्ही नियमांना बगल द्यायला रचलेला खोटा व्यवहार आहे. ज्या मुलीला उद्या दुसऱ्यांच्या वह्यांमधले असे व्यवहार शोधायचे आहेत, तिला पहिल्याच महिन्यात ते करायला शिकवायचं? आणि हा सल्ला आईवडिलांना द्यायचा?

शेवटी फॉर्म १०८ भरावा लागतो. प्रशिक्षण पूर्ण झालं असं त्यात लिहून द्यायचं असतं आणि प्रिन्सिपलची, म्हणजे ज्या सीएच्या हाताखाली प्रशिक्षण झालं त्याची, सही लागते. डमीवाल्याचं ते निवेदन सरळसरळ खोटं असतं. चौकशी झाली तर तो काळ प्रशिक्षणात न धरण्याचा अधिकार संस्थेला आहे आणि प्रिन्सिपलवर शिस्तभंगाची कारवाई होते ती वेगळीच. 'कोणी तपासत नाही' म्हणणारा मेसेज पुढे ढकलून मोकळा होतो, दोन वर्षं जातात ती मुलीची.

पण मावशी, पकडले जाण्याची भीती बाजूला ठेवली तरी प्रश्न उरतोच. सीएच्या सहीवर बँक कर्ज देते, आयकर खातं टॅक्स ऑडिटचा रिपोर्ट स्वीकारतं. २०१९ पासून प्रत्येक सर्टिफिकेटवर आणि ऑडिट रिपोर्टवर यूडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, घालावा लागतो, म्हणजे कोणी कशावर सही केली ते कायमचं नोंदलं जातं. ज्याने ३१ मार्चला गोदामात उभं राहून एकदाही स्टॉक मोजलेला नाही, यादीतला माल रॅकवर आहे का आणि रॅकवरचा माल यादीत आहे का असं दोन्ही बाजूंनी पाहिलेलं नाही, तो स्टॉकच्या आकड्याखाली सही कशाच्या भरवशावर करणार?

आता 'टिका मारणे'. यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करते. पहिले काही आठवडे मीही फायली लावल्या, झेरॉक्स काढल्या, बँकेत कागद पोचवले. काही फर्ममध्ये हे दोन वर्षं चालतं, सरांच्या घरची बिलं भरायलाही मुलांना पाठवतात, आणि ते चूकच आहे. पण व्हाउचिंगला, म्हणजे बिलं आणि नोंदी जुळवून तपासण्याला, गाढवकाम म्हणणाऱ्याने ते लक्ष देऊन केलेलं नाही.

एका क्लायंटच्या खरेदीची बिलं मी तपासत होते. नाव सांगणार नाही, सांगायचं नसतंच. तारीख, रक्कम, जीएसटी नंबर, लेजरमधली नोंद, सगळं जुळत होतं. एका पुरवठादाराची तीन बिलं होती, एक जूनचं, एक ऑगस्टचं, एक नोव्हेंबरचं. टीक करून फाइल उलटताना लक्षात आलं की बिलांचे क्रमांक ११, १२ आणि १३ आहेत. जून ते नोव्हेंबर या माणसाने आमच्या क्लायंटशिवाय कोणालाच काही विकलं नाही? मी सिनियरला दाखवलं. तो म्हणाला, "गेटचं रजिस्टर माग." रजिस्टरमध्ये त्या तारखांना गाडी आत आल्याची नोंद नव्हती. ई-वे बिलं, म्हणजे मालाच्या वाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचे कागद, मागितली, ती निघाली नाहीत. पुढचं सगळं सर आणि क्लायंट यांच्यात झालं. पण त्या दिवसापासून मी रकमेच्या आधी बिलाचा क्रमांक बघते. हे अभ्यासक्रमाच्या मॉड्यूलमध्ये वाचून परीक्षेत लिहिता येतं. समोर फाइल असताना सुचायला मात्र अशा कितीतरी फायली हाताखालून जाव्या लागतात.

स्टायपेंड सरांच्या मर्जीवर, हे साफ खोटं. वर सांगितलेल्या नियम ४८ मध्येच किमान रक्कम ठरवून दिली आहे. वीस लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहरात पूर्वी पहिल्या वर्षी २,००० आणि दुसऱ्या वर्षी २,५०० रुपये होते, नव्या योजनेत ते दुप्पट, म्हणजे ४,००० आणि ५,००० झाले. लहान गावांत याहून कमी. हे पैसे पुरत नाहीत, गाव सोडून आलेल्या मुलीचं कॉटबेसिसचं भाडंही त्यात निघत नाही. त्यावर कितीही भांडा, मी सोबत आहे. पण 'कमी आहे' आणि 'मिळणं बंधनकारक नाही' यात फरक आहे. दुसरं वाक्य वाचून मुलं हक्काचे पैसे मागायचेच सोडून देतात, आणि फायदा अशाच फर्मना होतो ज्यांना ते द्यायचे नसतात.

बारा तासांचं थोडक्यात. संस्थेने प्रशिक्षण धरलं आहे आठवड्याला किमान ३५ तासांचं. काम तारखांप्रमाणे वाढतं: ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१, २० पर्यंत ३बी ही जीएसटीची रिटर्न, आणि सगळ्यात जास्त सप्टेंबरमध्ये, कारण एरवी टॅक्स ऑडिटची मुदत ३० सप्टेंबर असते. त्या दिवसांत आम्ही रात्री उशिरापर्यंत बसलो, हे खरं. वर्षाला १२ रजा हेही फार कमी आहे. पण मे महिन्यातही कोणी रोज बारा तास बसवत असेल तर त्या फर्मची तक्रार करा, तशी सोय याच नियमावलीत आहे. एका फर्मचा जाच सांगून डमीचा प्रचार करू नका.

ओळखीचा मुद्दा मोठ्या फर्मपुरता थोडाफार खरा असेल. मध्यम फर्मना मात्र सतत मुलं हवी असतात, आणि संस्थेचं आर्टिकल प्लेसमेंटचं पोर्टलही आहे. माझ्या ओळखीच्या बऱ्याच जणींना साधा ईमेल पाठवून जागा मिळाली.

मावशी, तिला मुलाखतीला पाठव आणि तिथे विचारायला सांग: ऑडिट किती आणि नुसतं रिटर्न भरणं किती, ऑडिटला क्लायंटकडे जायला मिळतं का, सप्टेंबरमध्ये किती वाजेपर्यंत थांबावं लागतं, स्टायपेंड कोणत्या तारखेला जमा होतो, आणि आत्ता दुसऱ्या वर्षाला असलेल्या आर्टिकलशी पाच मिनिटं एकटीला बोलता येईल का. यातल्या शेवटच्या प्रश्नाला जे सर नाही म्हणतील, तिथे तिने जाऊ नये.