दोर धरायला, बिले द्यायला कोण शिकणार?

पावसाळा आला की फोनवर जाहिरातींचा मारा सुरू होतो. अमुक धबधब्यावर रॅपलिंग (दोरावरून खाली उतरणं), तमुक सुळक्यावर क्लाइंबिंग, चहा-नाश्ता-जेवणासह. ज्यांना जायचंय त्यांनी जरूर जावं, मजा येतेच. पण तिथून आल्यावर "क्लाइंबिंग शिकलो" म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. कंबर-मांड्यांचा पट्टा म्हणजे हार्नेस दुसऱ्याने चढवला, दोर तिसऱ्याने लावला, दोर पेलणारा अँकर कशाला बांधलाय हे वळून पाहिलंही नाही. कड्यावरून खाली आलात ते पार्सलसारखे. त्यात शिकलात काय?

शिकायचं तर गिर्यारोहण क्लबांची शिबिरं आहेत. मुंब्र्याच्या किंवा कान्हेरीच्या कातळावर कितीतरी पिढ्यांनी प्रस्तरारोहणाचे पहिले धडे गिरवलेत. शिकवणारे बहुतेक जण नोकरी-धंदा सांभाळून, सुट्टीचा दिवस घालवून येतात. सकाळचा बराच वेळ गाठींत जातो. फिगर ऑफ एट, क्लोव्ह हिच, बोलाइन, प्रुसिक. बांधा, सोडा, पुन्हा बांधा, आता डोळे मिटून बांधा. मग जोडीदाराची गाठ आणि हार्नेसचं बकल तपासा. कडा समोर आणि आपण सावलीत बसून दोरीशी खेळतोय, म्हणून नवीन पोरं वैतागतात.

त्यानंतर बिले, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळणं, तो पडला तर रोखणं. हे तर आणखी कंटाळवाणं. मान वर करून चढणाऱ्याकडे बघत राहायचं, हवा तेवढाच दोर सोडायचा आणि दोर रोखणारा ब्रेकचा हात दोरावरून क्षणभरही काढायचा नाही. डास चावला तरी नाही. या कामाचे फोटो कुणी काढत नाही, पण माझ्या मते शिबिराची निम्मी फी याचीच असते. चढणं अंगात थोडंफार असतंच. दुसऱ्याचा जीव हातात धरून उभं राहणं मात्र शिकावंच लागतं.

त्यामागचं गणितही चांगल्या शिबिरात सांगतात. समजा, लीड करणारा, म्हणजे सगळ्यात पुढे चढणारा, बिलेच्या जागेपासून एक मीटर वर गेला, मध्ये कुठेच दोर अडकवलेला नाही, आणि तो निसटला. तो दोन मीटर पडणार आणि झटका सोसायला दोर फक्त एक मीटर. दोन भागिले एक, म्हणजे फॉल फॅक्टर २. तेच दोन मीटर पडणं वीस मीटर दोर बाहेर असताना झालं, तर फॅक्टर ०.१. दोर जितका जास्त, तितका तो ताणला जाऊन झटका पोटात घेतो. म्हणून लीडला ताणला जाणारा डायनॅमिक दोर लागतो. रॅपलिंगचा स्टॅटिक दोर फारसा ताणला जात नाही, तो कितीही जाड दिसला तरी लीडला चालत नाही.

सह्याद्रीचा कातळ ही तर वेगळीच शाळा. क्लाइंबिंग जिममधल्या भिंतीवरचे होल्ड (हातापायाचे आधार) बोल्टने घट्ट बसवलेले असतात. इथे बेसॉल्टचे थर, मध्येच भुसभुशीत पट्टा, वर गवत, त्यावर घसारा. होल्डवर भार टाकण्याआधी थाप मारायची आणि पोकळ आवाज आला तर तो सोडून दुसरा शोधायचा. बर्फाचं तंत्र मात्र इथे मिळणार नाही. आइस ॲक्सने घसरण थांबवायला शिकायचं तर दार्जिलिंगची १९५४ सालची गिर्यारोहण संस्था आहे, उत्तरकाशीची १९६५ सालची आहे. पण तिथल्या बेसिक कोर्सला जाताना गाठी आणि बिले हातात बसलेले असले, तर लक्ष नव्या गोष्टींकडे देता येतं.

क्लबांचं सगळंच गोड आहे असंही नाही. "आमच्या वेळी" सुरू झालं की सीनियर थांबत नाहीत. रोपवर पाय पडला तर ओरडा बसतो, पण पायाखालची माती आवरणातून आत जाऊन गाभा कापते हे कारण सांगायचं राहून जातं. मुलींना लीड द्यायला अजूनही काही ठिकाणी हात आखडता. आणि पैशांची ओढाताण असली तरी जुने हार्नेस-स्लिंग वापरत राहणं मला पटत नाही. कपाटात नुसतं पडून असलं तरी नायलॉन म्हातारं होतं.

म्हणून पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. एका प्रशिक्षकामागे किती जण? दोर कधी घेतलेत? आणि मला स्वतःला बिले द्यायला मिळेल का? तिसऱ्या प्रश्नाला "त्याची काळजी नको, आमची टीम आहे ना" असं उत्तर आलं तर तो इव्हेंट आहे. जा, भिजा, फोटो काढा. शिकण्याचे पैसे मात्र दुसरीकडे भरा.