फॉर्मलिनमध्ये बुडवला म्हणजे नमुना सुरक्षित झाला, असं नाही

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले. तेव्हापासून नागपुरातल्या लॅबवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'अवयवाचा तुकडा फॉर्मलिनमध्ये बुडवला की लगेच सगळे जंतू मरतात. ते नसेल तर गोठवा. मग साध्या डबीत कुणाच्याही हाती पाठवा, बाकी सगळे कागदी घोडे.' यातलं एकही वाक्य टिकत नाही.

'लगेच' तर नाहीच. फॉर्मलिन, म्हणजे अवयव टिकवायचं फॉर्मल्डिहाइडचं द्रावण, ऊतीत तासाला साधारण एक मिलिमीटर शिरतं, आणि शिरल्यावरही प्रथिनं पक्की बांधायला आणखी वेळ लागतो. यकृताचा मुठीएवढा गोळा रात्रभर ठेवून कापा: कडा राखाडी, मध्यभाग लालच. त्या लाल भागातला विषाणू जिवंत असू शकतो. म्हणून काप पाच मिलिमीटरपेक्षा पातळ हवेत, द्रावण तुकड्याच्या किमान दहापट हवं आणि मुदत पूर्ण भरायला हवी. एकाच बरणीत चार अवयव कोंबले की हे सगळं गणित कोसळतं. माझ्या मते सर्वाधिक धोका इथेच आहे, कारण बाहेरून तुकडा अगदी व्यवस्थित दिसतो.

'सगळे जंतू' हेही चूक. फॉर्मलिनमध्ये ठेवलेल्या फुफ्फुसांतून क्षयाचे जिवंत जंतू वाढवले गेले आहेत. प्रायॉन, म्हणजे मेंदूचे रोग घडवणारी बिघडलेली प्रथिनं, तर फॉर्मलिनमुळे आणखी चिवट होतात. त्यांच्यासाठी फॉर्मिक ॲसिडची वेगळी प्रक्रिया करावी लागते.

गोठवणं? उणे ८० अंशांचा फ्रीझर आपण विषाणू जपून ठेवायलाच वापरतो.

आता कागदी घोडे. २०१४ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेत अँथ्रॅक्सच्या जंतूंवर ॲसिडची प्रक्रिया केली. २४ तासांत जंतू वाढवून पाहायच्या थाळीवर वाढ दिसली नाही, म्हणून नमुने कमी सुरक्षेच्या प्रयोगशाळांत नेले. आठवड्याभराने थाळ्या टाकून द्यायला काढल्या, तेव्हा एकीवर वाढ होती. सुमारे ७५ कर्मचाऱ्यांना संसर्गाची शक्यता असल्याचं धरून त्यांच्यावर लक्ष ठेवावं लागलं किंवा त्यांना प्रतिजैविकं द्यावी लागली. सुदैवाने कुणी आजारी पडलं नाही. जगातल्या नामांकित संस्थेत हे घडलं. म्हणूनच आपली पद्धत, आपल्याच ऊतीवर, आपल्याच जाडीच्या कापावर तपासून नोंदवायची आणि पुरेसे दिवस वाट पाहायची. डबी जंतू बाहेर पडू न देणाऱ्या सुरक्षा कॅबिनेटबाहेर काढण्याआधी तिचं बाहेरचं अंगही जंतुनाशकाने पुसून, ते ठरलेला वेळ ओलं ठेवायचं.

राहिलं 'कुणाच्याही हाती'. बर्ड फ्लूच्या निदानासाठी भोपाळच्या पशुरोग संस्थेला विषाणू वेगळा काढायचा असेल, तर फॉर्मलिनमधला तुकडा तिला निरुपयोगी. तिथे ताजा, म्हणजे संसर्गजन्य नमुनाच जातो. त्यासाठी न गळणारी आतली डबी, भोवती शोषक कापूस, दुसरं घट्ट झाकणाचं भांडं आणि बाहेर टणक खोका, त्यावर आत काय आहे ते स्पष्ट लिहिलेलं. तो खोका नेणाऱ्या ड्रायव्हरदादांनाही ते सांगायचं, आणि वाटेत गळती झाली तर कुणाला फोन करायचा तो नंबर त्यांच्या हातात द्यायचा.