‘खेळात 80 टक्के इक्यू’ हा मेसेज पुढे पाठवू नका

पालकांच्या आणि अकॅडमीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. त्यात म्हटलंय की खेळातलं यश 80 टक्के इमोशनल इंटेलिजन्सवर (भावना ओळखून सांभाळण्याची क्षमता), म्हणजे इक्यूवर ठरतं आणि हे विज्ञानाने सिद्ध झालंय, चॅम्पियनला भावना शिवत नाहीत (उदाहरण अर्थात धोनीचं), मैदानात रडणारा खेळाडू मनाने कच्चा असतो, आणि इक्यू जन्मजात असतो म्हणून दहाव्या वर्षीच मुलाची टेस्ट करून घ्या. यातलं एकही वाक्य धड खरं नाही आणि त्याचा त्रास होतो तो पोरांना, म्हणून लिहितोय.

80 टक्क्यांचं आधी बघू. हा आकडा खेळातून आलेलाच नाही. डॅनियल गोलमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1995 च्या पुस्तकात लिहिलं होतं की आयुष्यातल्या यशात आयक्यूचा, म्हणजे बुद्ध्यांकाचा वाटा फार तर 20 टक्के, उरलेल्यात बाकी सगळं, त्यात घरची परिस्थिती आली, नशीबही आलं. लोकांनी ते अख्खे 80 इक्यूच्या नावावर टाकून दिले. खेळाबद्दलच विचाराल तर 2018 मध्ये 22 अभ्यास एकत्र करून, मिळून साडेतीन हजारच्या आसपास खेळाडू, इक्यूचा आणि कामगिरीचा सहसंबंध (दोन गोष्टी किती जोडीने बदलतात याचा आकडा, 0 म्हणजे काहीच नाही, 1 म्हणजे पूर्ण) काढला गेला, तो आला 0.16. याचा वर्ग करा, म्हणजे खेळाडूंच्या कामगिरीत जो फरक दिसतो त्यातला साधारण अडीच टक्के. संबंध आहे, मी नाही म्हणत नाही, आणि वरच्या लेव्हलला तेवढ्यानेही निकाल फिरू शकतो, पण कुठे अडीच आणि कुठे ऐंशी! त्यात परत इक्यूमुळे खेळ सुधारला की जिंकत गेल्यामुळे मन शांत झालं हे सहसंबंधातून कळत नाही. अमेरिकेत कॉलेजच्या बेसबॉल खेळाडूंवर 2003 मध्ये अभ्यास झाला त्यात पिचरच्या, म्हणजे बॉल टाकणाऱ्याच्या बाबतीत थोडा संबंध दिसला, बॅटिंगमध्ये दिसलाच नाही. म्हणजे एकाच खेळातसुद्धा तुम्ही काय काम करता यावर फरक पडतो.

आता धोनी. 2019 मध्ये तो स्वतःच म्हणाला होता की मलाही इतरांइतकाच राग येतो, निराशा येते, मी फक्त ते जरा जास्त चांगलं सांभाळतो. त्याच वर्षी जयपूरच्या आयपीएल मॅचमध्ये नो-बॉलवरून तो थेट मैदानात घुसून अंपायरशी भांडला आणि निम्मी मॅच फी दंड भरला. आपल्या कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे, धोनीचा फॅन, पॅरिस ऑलिंपिकला 1 ऑगस्ट 2024 ला रायफल शूटिंगच्या फायनलमध्ये (यात तीन पोझिशनमधून नेम धरायचा असतो) पहिल्या पोझिशननंतर सहावा होता. नंतर त्याने सांगितलं की सकाळी पोटात काही गेलं नव्हतं, नुसता काळा चहा, आणि छाती जोरात धडधडत होती. रायफल शूटिंगमध्ये हृदयाच्या ठोक्यानेसुद्धा नेम हलतो. त्याने धडधड नाकारली नाही, श्वासावर लक्ष ठेवलं, वेगळं काही करायला गेला नाही आणि 451.4 वर ब्राँझ घेतलं. इमोशनल इंटेलिजन्स म्हणतात ते हे, आत काय चाललंय ते ओळखायचं आणि त्यासकट शॉट मारायचा.

‘रडणारा कच्चा’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागतं. 30 ऑक्टोबर 2025, नवी मुंबई, महिला क्रिकेट वर्ल्ड कप सेमीफायनल, समोर ऑस्ट्रेलिया, टार्गेट 339, आणि जेमिमा रॉड्रिग्ज नाबाद 127! त्याच स्पर्धेत तिला एका मॅचला बसवलं होतं. मॅचनंतर पत्रकारांसमोर तिने उघड सांगितलं की एन्झायटी होती, आईला फोन लावून रडायचे, टीममधल्या अरुंधती रेड्डीसमोर तर जवळजवळ रोज रडले. आणि स्मृती मानधना काय करायची, तर नेट्समध्ये येऊन नुसती उभी राहायची, फार न बोलता, कारण आपण तिथे असणं जेमिमाला पुरतं हे तिला कळत होतं. मदत मागणं हा इक्यू, आणि न बोलता शेजारी उभं राहणं हाही इक्यूच. जिल्हा स्पर्धांना आपल्याकडे पोरगी आऊट होऊन डोळे पुसत आली की पहिलं वाक्य येतं ‘रडायचं नाही’, हे मी खूपदा बघितलंय आणि मला ते साफ चुकीचं वाटतं.

जन्मजात म्हणाल तर टेनिसमधला फेडरर पोरवयात रॅकेटी आपटायचा. जोकोविच 2020 च्या यूएस ओपनमधून वैतागून मारलेला बॉल लाइन जजला लागला म्हणून बाहेर काढला गेला, आणि पुढे 2023 मध्ये त्यानेच सांगितलं की मानसिक ताकद ही देणगी नाही, मेहनतीने येते.

मग दहाव्या वर्षी टेस्ट कशासाठी? अशा बऱ्याच टेस्ट म्हणजे प्रश्नावली असतात, ‘मी माझ्या रागावर ताबा ठेवू शकतो’ पुढे टिक करा. पोरगं ती टिक आईबाबांच्या तोंडाकडे बघून करणार. त्यावरून कुणाचं सिलेक्शन होणार असेल तर कृपया विरोध करा. मॅच हरून आल्यावर त्याला फक्त विचारा की टेन्शन नेमकं कधी आलं, तेव्हा हात थरथरले की पोटात गोळा आला, आणि मग त्याने काय केलं, आणि उत्तर यायला वेळ लागला तरी मध्ये बोलू नका.