फॅमिलीसोबत आलोय म्हणजे काय हो?

बोरिवलीच्या नॅशनल पार्कात रविवारी जायचं म्हणजे डोक्याला ताप झालाय. जंगलात शिरावं तर पहिल्यांदा कानावर काय आदळतं? ब्लूटूथ स्पीकर! आतल्या कान्हेरी लेण्यांच्या पायऱ्या चढताना एक ग्रुप पुढे, एक मागे, दोघांची गाणी वेगळी. आवाज कमी करा म्हटलं की उत्तर ठरलेलं, "काका, फॅमिलीसोबत आलोय, एन्जॉय करू द्या ना." अहो, आम्हीही फॅमिलीसोबतच आलोय! माझ्यासोबत सत्तरी ओलांडलेली आई आहे, तिला पक्षी ऐकायचेत. तिने काय करायचं, कानात बोळे घालून फिरायचं?

मुंबईच्या पोटात शंभर चौरस किलोमीटरहून जास्त जंगल अजून शिल्लक आहे, त्यात बिबटे जगताहेत आणि मधोमध डोंगरात शंभरावर लेणी आहेत. जगात किती शहरांच्या नशिबी हे असतं? आणि आपण त्याची काय दशा करून ठेवतो!

एका विहाराच्या, म्हणजे बौद्ध भिक्खूंच्या राहण्याच्या लेण्याच्या, भिंतीशी बाप सात-आठ वर्षांच्या पोराला कडेवर घेऊन उभा. पोराच्या हातात बाइकची किल्ली. "जोरात दाब, तुझं नाव लिही." पोराचं पहिलं अक्षर जमेना, तर बापाने त्याचा हात धरून खरवडलं. आई मोबाइलवर व्हिडिओ काढतेय. मी ओरडलो तर म्हणतो, "तुमच्या बापाची आहे का भिंत?" शेजारी आधीच बदाम, बाण, आद्याक्षरं यांची गर्दी.

वर अक्कल शिकवणारेही भेटतात, की जुन्या लोकांनी पण इथे नावं कोरलीच आहेत. हो, कोरलीत. नव्वद नंबरच्या लेण्यात पारशी मंडळी १००९ साली येऊन गेल्याचा पहलवी, म्हणजे जुन्या इराणी भाषेतला, लेख आहे, अभ्यासकांसाठी तो इतिहासाचा पुरावा आहे. इतर लेखांत कल्याण-सोपाऱ्याच्या लोकांची नावं आहेत, कारण त्यांनी पदरचे पैसे घालून इथे लेणी खोदून दिली, पाण्याची सोय करून दिली. तुम्ही काय दिलंत?

त्या पाण्याच्या सोयीकडे तर बघवत नाही. कातळात पन्हळी खोदून पावसाचं पाणी थेट विहाराच्या दारातल्या पोढीत, म्हणजे कातळातल्या टाक्यात, आणून सोडलंय. जवळजवळ प्रत्येक विहाराला आपली पोढी. शेकडो भिक्खू डोंगरावर राहायचे ते याच पाण्याच्या जिवावर. आज त्या पोढींत वाकून बघा, प्लॅस्टिकच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं, ओले टिश्यू. चुकून पडलेल्या नाहीत त्या बाटल्या, टाकल्यात! माझ्या डोळ्यांदेखत एका बाईने पाणी संपवलं, झाकण नीट लावलं आणि बाटली आत सोडली.

आणि माकडं! आधी पोरांना हसवायला त्यांच्यापुढे वेफर्स धरायचे, मग त्याच माकडाने पिशवी ओढली की दगड भिरकवायचे. त्या जनावराला सवय लावली कोणी?

सुरक्षारक्षक एकटा कुठे कुठे धावणार? एवढी लेणी, एवढा डोंगर. शिट्टी वाजवून वाजवून त्याचा घसा बसलेला असतो आणि लोक त्याच्याशीच हुज्जत घालतात.

नाचायचंय, खायचंय, गाणी लावायचीत? घरी करा, हॉल बुक करा, खुशाल करा. पण हे सगळं करायला कान्हेरीला येऊ नका. आणि आलातच, तर ती किल्ली खिशातून बाहेर काढू नका.