सांबरशिंग: भिंतीवरचे आणि सहाणेवरचे

सदाशिव पेठेतील आमचा वाडा पाडायला काढला, तेव्हा दिवाणखान्यातील सांबराची शिंगे मी प्रथमच हातात घेतली. ‘पणजोबांना भीमाशंकरच्या रानात पडलेली सापडली’ हा त्यांचा घरगुती इतिहास आम्ही कोणी कधी तपासला नव्हता. सांबराची शिंगे हाडाची असतात, गळून पडतात आणि पुन्हा उगवतात; काळविटाची मात्र आयुष्यभर टिकतात. गळालेल्या शिंगाचे बूड खडबडीत आणि किंचित फुगीर असते. आमच्या शिंगांच्या बुडाशी कवटीचे हाड होते, आणि त्यातून दोन स्क्रू सागवानी पाटीत गेले होते. पणजोबांना सापडले होते ते सांबर, शिंगे नव्हेत.

शिंगांचा सोस काही साहेबाने जगात आणला नाही. इंग्लंडच्या यॉर्कशरमधील स्टार कार या उत्खननस्थळी सुमारे ११,००० वर्षांपूर्वीच्या, शिंगांसह कापलेल्या हरणांच्या कवट्या मिळाल्या असून, त्यांना भोके पाडून त्या डोक्यावर बांधता येतील अशा केल्या होत्या. पुढे जर्मन मुलखात सांबराच्या जातभाईंची शिंगे कोरीव लाकडी स्त्रीमूर्तीला जोडून त्यांची झुंबरे करीत. चित्रकार ड्यूररनेही अशा झुंबराचे आराखडे काढले होते. ती झुंबरे मला खरोखर सुंदर वाटतात, कारण तिथे शिंगाच्या वळणाला काही काम आहे. भिंतीवर ओळीने ठोकलेल्या शिंगांत मात्र मला मोजदादीपलीकडे काही दिसत नाही, मग ती राजवाड्यातील असोत वा आमची.

आपल्याकडे शिंगाला दुसरेही एक घर होते. आजीच्या फडताळात बोटभर सांबरशिंग असे. गालगुंड झाले की ती ते सहाणेवर उगाळून त्याचा कोमट लेप लावी, आणि वाळल्यावर गाल ताणला जाई. गुण किती येई ते वैद्यांनी सांगावे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातील पुढच्या दुरुस्त्यांनी मालकीच्या दाखल्याशिवाय शिंगे बाळगणे, तसेच ती विकणे गुन्हा ठरवले. आजोबांनी दाखला काढून ठेवल्याने आम्ही निभावलो. ‘आपोआप गळालेल्या शिंगाला कसली बंदी?’ असे नातेवाईक तावातावाने विचारतात. माझ्या मते बंदी योग्यच आहे, कारण शिंग कापून त्याची सुरीची मूठ केली, की बूड नाहीसे होते आणि ते गळालेल्याचे की मारलेल्याचे हे सांगता येत नाही. शिवाय रानात पडलेले शिंग वाया जात नाही. साळिंदर ते कुरतडून खाते.

हल्ली पुण्यातील कॅफेंमध्ये फायबरची पांढरी शिंगे दिसतात. खोट्या शिंगांना माझी हरकत नाही, पण ती सगळी विलायती हरणांची, दहा-बारा टोकांची असतात. आमच्या सांबराच्या एकेका शिंगाला साधारण तीनच टोके असतात. तेवढा साचा तरी कोणी करावा.